कवटी धुऊ नका

प्रश्न : डॉक्टर, खानापूर तालुक्यात आमची वीटभट्टी आहे. माती काढताना तीन हात खोल एक कवटी निघाली. उजव्या कानशिलाजवळ भोक आहे. जुन्या काळी इथं एका वाटसरूला मारून पुरलं, असं आजोबा सांगायचे. नुसत्या हाडावरून खून कळतो का?

उत्तर : पुष्कळदा कळतो. पण आधी हात जोडून सांगतो, ती कवटी धुऊ नका, भोकातली माती काडीनं कोरू नका, आणि आजच पोलिसांना कळवा. हाड जुनं की अलीकडचं, हे तुम्ही-आम्ही नजरेनं ठरवायचं नाही.

सगळं त्या भोकाच्या कडेवर आहे. कड पांढुरकी आणि बाकी हाड तपकिरी असेल, तर तो कुदळीचा घाव. ओलं, म्हणजे जिवंतपणीचं किंवा नुकतंच मेलेल्याचं हाड तिरकं, गुळगुळीत फुटतं आणि भेगा लांब जातात. मातीत वाळलेलं हाड खडबडीत तुटतं. कड गोलसर झाली असेल, तर तो माणूस घावानंतर जगला होता. एकदा माझ्याकडे विहिरीतली कवटी आली, ती घरच्यांनी श्रद्धेनं हळद लावून, घासून धुतलेली. कडेचा रंगही गेला, मातीही गेली. मुलाचं काय झालं, हे त्या आईला मी सांगू शकलो नाही. ते अजून सलतं.

१९९१ च्या सप्टेंबरात आल्प्समध्ये ३२१० मीटर उंचीवर बर्फात एक प्रेत सापडलं. एखादा गिर्यारोहक असेल असं समजून ते हवेच्या ड्रिलनं काढायला गेले, त्यात डावं खुब्याचं हाड दुखावलं. प्रेत निघालं ५००० वर्षांहून जुनं. त्याचं नाव ओत्झी. ऑस्ट्रिया की इटली, यावरून मोजणी झाली. जागा सीमेपासून ९२.५६ मीटर इटलीत निघाली. सीमाभागात वाढलेल्या मला तो आकडा पाठ झालाय.

दहा वर्षं बरेच जण म्हणत राहिले, थंडीनं मेला असेल. २००१ मध्ये एक्स-रेत डाव्या खांद्यात गारगोटीच्या बाणाचं टोक दिसलं. बाण पाठीमागून आला होता, खांद्याखालची मोठी रक्तवाहिनी फाटली होती. उजव्या तळहाताची खोल जखम मात्र भरू लागलेली, म्हणजे झटापट काही दिवस आधीची. आतड्यातल्या परागकणांवरून तो शेवटच्या दिवसांत डोंगरावरून खोऱ्यात उतरून पुन्हा वर चढला होता, हेही कळलं. तांब्याची कुऱ्हाड शेजारीच पडलेली, म्हणजे मारणारा लुटायला आलेला नसावा, असं मला वाटतं. मारणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच हाडावर नसतं.

तुमच्या आजोबांची गोष्ट खरी की खोटी, हे खड्डाच सांगेल. कवटी निघाली तिथं खुंटी मारा, फोटो काढा, तेवढ्या तुकड्यात माती काढणं थांबवा. मानेचे मणके अजून तिथंच असतील. गळ्यावर वार झाला असेल, तर त्याची खूण त्यांच्यावर सापडू शकते.