हरणार हे माहीत असूनही हेक्टर का लढतो? ग्रीक काव्यातलं वीराचं कर्तव्य म्हणजे आपला क्षात्रधर्मच का?

होमरच्या इलियड या महाकाव्यात ग्रीकांनी ट्रॉय शहराला वेढा घातला आहे. त्याच्या सहाव्या सर्गातला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आणि त्याची बायको अँड्रोमाकी यांचा प्रसंग वाचून तुम्ही विचारलंय की ट्रॉय पडणार हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा हा माणूस तरीही रणात का जातो, आणि गीतेत अर्जुनाला सांगितलेला क्षात्रधर्म तो हाच का. माझं मत असं की हेक्टरचं कर्तव्य कुठल्या शास्त्रातून किंवा देवाच्या आज्ञेतून येत नाही. ते माणसांच्या नजरेतून येतं. ज्यांच्यात वाढलो आणि ज्यांचं रक्षण करतो, त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ येऊ नये, एवढंच त्याच्या मुळाशी आहे. ही लाज हेक्टरला थोर करते आणि तीच शेवटी ट्रॉयला बुडवते. होमर दोन्ही दाखवतो, म्हणून मला तो इतका मोठा वाटतो.

त्या प्रसंगात अँड्रोमाकी नुसती रडत नाही. तिचे वडील आणि सात भाऊ ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ वीर अकिलीस याने मारलेत. "तूच माझा बाप, तूच आई, तूच भाऊ आणि तूच नवरा" असं म्हणून ती लगेच नेमका लष्करी सल्ला देते: रानअंजिराच्या झाडापाशी तट चढायला सोपा आहे, शत्रूने तिथे तीनदा चाल केली आहे, सैन्य तिथे उभं कर आणि तू इथे बुरुजावर राहा. सल्ला शहाणपणाचा आहे आणि हेक्टर त्यात एकही चूक काढत नाही. तो म्हणतो, या सगळ्याची काळजी मलाही आहे, पण भेकडासारखा लढाईतून अंग काढलं तर ट्रॉयच्या पुरुषांना आणि बायकांना तोंड कसं दाखवू? शिवाय माझं मनही मला तसं करू देत नाही, कारण आघाडीला राहून लढायचं हेच मी शिकत आलोय.

त्यानंतर जे येतं ते सावकाश वाचा. ट्रॉय पडेल, आईबाप आणि भाऊ मरतील, पण त्याला सगळ्यात जास्त सलतं ते अँड्रोमाकीचं दास्य: परक्या गावात ती दुसऱ्या कुणाच्या घरचं पाणी भरत असेल, आणि तिला रडताना पाहून कुणीतरी म्हणेल, "ही हेक्टरची बायको, ट्रॉयसाठी लढणाऱ्यांत तो सगळ्यांत शूर होता." इतक्या खाजगी दुःखातही त्याच्या कानात लोकांचं बोलणं आहेच. शिरस्त्राणाच्या तुऱ्याला घाबरलेल्या बाळाला तो उचलून घेतो आणि देवांकडे मागतो तेही हेच, की हा रणातून परत येताना कुणीतरी म्हणावं, "हा बापापेक्षाही सवाई निघाला."

या लाजेला एक रोकडी बाजूही आहे. बाराव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पिडॉन आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला विचारतो: आपल्या देशात आपल्याला पंगतीत मानाची जागा, मांसाचा चांगला वाटा, भरलेले प्याले का मिळतात? झँथस नदीकाठची बागायती जमीन आपल्याला इनाम का मिळाली? म्हणून आता आपण आघाडीला उभं राहायचं, म्हणजे लिशियाचा शिपाई म्हणेल की आमचे राजे फुकटचं खात नाहीत. इथवर हा सरळ व्यवहार आहे. पण मग सार्पिडॉन पुढे जातो: ही लढाई टाळून आपण अजर अमर होणार असतो, तर मी स्वतः आघाडीला लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. मरण हजार वाटांनी येणारच आहे, तर चल. हा सार्पिडॉन देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा आहे. पुढे तो अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या हातून मरतो, आणि बाप रक्ताचा पाऊस पाडतो, पण त्याला वाचवत नाही.

व्यवहार आहे म्हटल्यावर तो मोडूही शकतो. ग्रीकांचा सेनापती ॲगामेम्नॉन याने अकिलीसचा मानाचा वाटा, म्हणजे युद्धात पकडलेली ब्रिसेइस ही स्त्री, हिसकावून नेमका तो मोडला. नवव्या सर्गात मनधरणी करायला आलेल्यांना अकिलीस म्हणतो, मागे राहणाऱ्याला आणि झुंजणाऱ्याला वाटा सारखाच, भेकड आणि शूर एकाच मानाचे. गुरंढोरं लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत आणता येत नाही. ज्या मूल्यांवर सगळं महाकाव्य उभं आहे, त्यांवर त्यातलाच सर्वश्रेष्ठ वीर असा प्रश्न उभा करतो, आणि त्याचं बोलणं कुणाला खोडता येत नाही. तो परत लढतो तेही कर्तव्य पटलं म्हणून नाही. पॅट्रोक्लस मेला आणि आपण जहाजांपाशी पृथ्वीला भार होऊन बसून राहिलो, हे त्याला सहन होत नाही म्हणून. हेक्टरच्या मागोमाग आपलं मरण ठरलेलं आहे, हे आईने सांगितल्यावरही तो थांबत नाही.

आता हेक्टरच्या शेवटाकडे या. अठराव्या सर्गात अकिलीस रणात परतणार हे दिसताच हेक्टरचा सोबती पॉलिडॅमस सांगतो की रातोरात सैन्य तटाआत घेऊ. हा हेक्टरच्याच रात्री जन्मलेला माणूस, एक भाल्यात तरबेज तर दुसरा बोलण्यात. हेक्टर त्याला झिडकारतो, सैन्य हेक्टरचा जयजयकार करतं, आणि कवी तिथेच त्या सैन्याला मूर्ख म्हणतो. दुसऱ्या दिवशी नदी प्रेतांनी तुंबते. बाविसाव्या सर्गात उरलेले सगळे आत पळालेत, हेक्टर एकटा वेशीबाहेर उभा आहे, तटावरून त्याचे आईबाप, म्हातारा राजा प्रायम आणि हेक्युबा, त्याला आत ये म्हणून विनवतायत. तो आत जात नाही. का, तर आत गेलो की पॉलिडॅमस मला पहिला बोल लावेल. माझ्या हट्टापायी माणसं मेली. आता एखादा माझ्याहून हलका माणूसही म्हणेल की हेक्टरने स्वतःच्या बळावर भरवसा ठेवून लोकांचा घात केला.

सहाव्या सर्गातलीच ही लाज. तिथे तिने त्याला लोकांसाठी लढायला पाठवलं, इथे लोकांना तो जिवंत हवा असताना ती त्याला दाराबाहेर अडवून ठेवते. त्यावेळी शहराचं खरं हित एकच होतं, त्याने आत यावं. प्रायम नेमकं तेच सांगतो: ट्रॉयच्या बायकापुरुषांना वाचवण्यासाठी आत ये. माझ्या मते ग्रीक काव्यात वीराच्या कर्तव्याबद्दल याहून खोल काही लिहिलं गेलेलं नाही. त्यानंतर अकिलीस समोर येतो तेव्हा हेक्टर पळतोही, तटाभोवती तीन फेऱ्या, आणि होमर ते झाकत नाही.

गीतेशी साम्य आहे ते दुसऱ्या अध्यायातल्या एका ओळीशी: 'संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते'. हे हेक्टरला लगेच पटलं असतं. पण तिथेच पुढे 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्' येतं, आणि तसं आश्वासन हेक्टरला कुणी देत नाही. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात पाताळातला अकिलीस म्हणतो, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा मी एखाद्या भूमिहीन माणसाच्या घरी राबलो असतो. कर्मफळ सोडण्याचा तर प्रश्नच नाही. मागे राहणारं नाव हेच एकमेव फळ, आणि ते त्यांना हवंच असतं. शिवाय हेक्टरजवळ सारथी होऊन समजावणारा देव नाही. शेवटच्या क्षणी त्याच्या बाजूचा देव अपोलो त्याला सोडून जातो, आणि ग्रीकांच्या बाजूची देवी अथीना त्याच्या भावाचं रूप घेऊन त्याला फसवते. ते कळल्यावर तो म्हणतो, निदान पुढच्या लोकांनी ऐकावं असं काही करून मरेन.

होमरनंतर हे कर्तव्य बदलतं, आणि 'ग्रीक काव्य' असं एकत्र बोलताना हे निसटतं. इसवीसनपूर्व सातव्या शतकात स्पार्टाचा कवी टिर्टियस लिहितो तेव्हा युद्ध फळीचं झालेलं आहे: पायाला पाय, ढालीला ढाल भिडवून उभं राहायचं. धावण्यातली गती, रूप, मिडासची संपत्ती, गोड वाणी, यातलं काहीही त्याला मोठं वाटत नाही, जर ते सगळं असलेला माणूस रांगेतली आपली जागा धरून उभा राहत नसेल. एकट्याने पुढे झेपावणारा हेक्टर इथे बसत नाही. पुढे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने एका स्पार्टन राजाचं म्हणणं नोंदवलंय की शिरस्त्राण स्वतःसाठी असतं, ढाल सगळ्या रांगेसाठी. थर्मोपिलीच्या लढाईत इसवीसनपूर्व ४८० मध्ये पडलेल्या स्पार्टनांवरचा दोन ओळींचा लेख तर एवढंच सांगतो की वाटसरूने स्पार्टाला जाऊन कळवावं, त्यांचा शब्द पाळून आम्ही इथे पडलो आहोत. त्यात एकाचंही नाव नाही. हेक्टरला हे समजलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

आणि त्याच सातव्या शतकात पारोस बेटाचा कवी आर्किलोकस सांगतो की माझी चांगली ढाल मी झुडपापाशी टाकली, ती आता कुणा थ्रेशियन माणसाच्या हाती आहे, पण जीव वाचला, ढाल दुसरी घेईन. स्वतः भाला बाळगणाऱ्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून मी त्याला भेकड म्हणणार नाही. नवव्या सर्गातल्या अकिलीसला जो हिशेब उमगला होता, तोच यालाही उमगला आहे.

सगळं इलियड वाचायला सवड नसेल तर सहावा, नववा, बारावा आणि बाविसावा सर्ग वाचा. मात्र अठराव्यातलं पॉलिडॅमसचं भाषण वगळू नका, त्याशिवाय बाविसावा अर्धाच कळतो. टिर्टियसचं जे उरलंय ते थोडंच आहे, एका बैठकीत वाचून होईल.