क्रोन्सचा आजार आहे आणि पळताना पोटात कळ येते. पळणं सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की क्रोन्सचा आजार (आतड्याला वारंवार सूज येण्याचा जुनाट आजार) गेले काही महिने शांत आहे, अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, पण ५ किमी पळायला गेलं की तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास पोटात कळ येते. अशा स्थितीत पळणं सोडावं लागतंच असं नाही, बहुतेकांना नाही लागत. पण दात-ओठ खाऊन पळत राहणं हाही उपाय नव्हे. आधी दुखणं कुठलं आहे ते ओळखा. पळताना पोटात दुखण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

बरगड्यांच्या अगदी खाली, बहुधा उजवीकडे, एका बोटाने दाखवता येईल असं टोचत असेल तर ती साधी पळणाऱ्यांची चमक. तिचा तुमच्या आजाराशी संबंध नाही. भरल्या पोटी किंवा गोड, दाट सरबत पिऊन लगेच निघालं की ती जास्त येते. वेग कमी करा, दुखतं तिथे हाताने दाबा, किंचित पुढे वाका आणि ओठ आवळून श्वास सावकाश सोडा. साधारणपणे काही मिनिटांत ती जाते.

बेंबीभोवती किंवा ओटीपोटात मुरडा, पोटात गुडगुड, मागोमाग शौचाची घाई आणि शौचाला जाऊन आल्यावर आराम, हा दुसरा प्रकार. निरोगी धावपटूंनाही होतो, पण आतड्याचा आजार असलेल्यांना लवकर आणि जास्त होतो. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळवतं, आतड्याकडे जाणारं रक्त ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. त्यात प्रत्येक पावलाचा हादरा आणि आत उरलेलं अन्न. उन्हात आणि पाणी कमी पडल्यावर हे सगळं वाढतं. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमचं दुखणं या गटातलं वाटतं, पण खात्री करण्याआधी पुढचे दोन प्रकार वाचाच.

तिसरा: पोटाच्या उजव्या बाजूला खाली, खोलवर, लाटेसारखी येणारी कळ. क्रोन्स बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला असतो, आणि ते टोक तिथेच आहे. वारंवार सूज येऊन आतडं तिथे अरुंद झालं असेल तर अन्न पुढे सरकताना कळा येतात. याची खूण अशी की ही कळ पळत नसतानाही, जेवणानंतर येते आणि पोट फुगतं. असं असेल तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी किंवा एमआर एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) होईपर्यंत पळणं थांबवा. उलट्या होत असतील, पोट टम्म फुगलं असेल, वारा सरत नसेल तर थेट रुग्णालय गाठा.

चौथा प्रकार धावपटू हमखास चुकवतात. उजव्या जांघेत दुखतं, पाय मागे नेला की जास्त, थोडं लंगडायला होतं. स्नायू आखडला असेल म्हणून लोक शेकत बसतात. क्रोन्समध्ये आतड्याचा संसर्ग शेजारच्या सोआस स्नायूत (कण्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या स्नायूत) उतरून तिथे गळू होऊ शकतं. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अझाथायोप्रिन किंवा स्टेरॉइड चालू असताना ताप सौम्यच राहू शकतो, म्हणून ९९–१०० लाही किरकोळ समजू नका. आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची गल्लत नवी नाही, शिवाय ही औषधं दबलेला क्षयरोग वर काढू शकतात. संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं दिसलं तर तेही तपासून घ्या.

आता गोळ्यांबद्दल, कारण खरं नुकसान इथे होतं. पोट दुखलं की घरात मेफ्टाल स्पास असतेच. तिच्यात मुरडा थांबवणाऱ्या डायसायक्लोमीनबरोबर मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक असतं, आणि ते आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्याच कुळातलं आहे. ही औषधं आतड्याच्या अस्तराला इजा करतात आणि शांत असलेला आजार पुन्हा भडकवू शकतात. पळण्याने आधीच रक्त कमी मिळालेल्या आतड्यावर तर ती आणखी वाईट. कॉम्बिफ्लॅममध्येही आयब्युप्रोफेन आहे. गुडघा दुखतो म्हणून शर्यतीआधी 'सावधगिरी' म्हणून यातलं काही घेणं तुमच्यासाठी पूर्ण बंद. पॅरासिटॅमॉल त्यामानाने सुरक्षित, पण ते घेऊन पळत राहू नका, कळ झाकली जाते. नुसतं डायसायक्लोमीनही पळण्याआधी नको, त्याने घाम कमी येतो आणि उष्णतेचा त्रास होऊ शकतो. लोपेरामाइड या जुलाबाच्या गोळीने घाई थांबते हे खरं, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि शौचातून रक्त किंवा ताप असताना अजिबात नाही. मोठ्या आतड्याला सूज असताना ते घेतल्यास आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं.

खाण्याचं वेळापत्रक तुमच्या दुखण्याच्या प्रकारात सगळ्यात जास्त फरक पाडतं. पूर्ण जेवण आणि पळणं यांत किमान ३ तास ठेवा. सकाळी पळायचं तर आदल्या रात्री मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दुधी किंवा उकडलेला बटाटा. मटकीची उसळ, पावटे, राजमा, कोबी, मक्याचं कणीस त्या रात्री नको. सकाळी तासभर आधी एक पिकलेलं केळं किंवा पांढऱ्या ब्रेडचे दोन भाजलेले स्लाइस पुरेत, ५ किमीसाठी तेवढंही लागत नाही. कांदेपोहे हलके समजले जातात, पण त्यांतला कांदा, मिरची आणि शेंगदाणे तिन्ही पळणाऱ्या पोटाला जड. साबुदाण्याच्या खिचडीचंही तेच. लहान आतड्याचा आजार असलेल्या अनेकांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून दोन आठवडे दूध बंद करून फरक पडतो का पाहा. शुगरफ्री च्युइंगगम आणि प्रोटीन बारच्या वेष्टनावर सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर पळण्याच्या दिवशी ते बाजूला ठेवा. चहा-कॉफीने आतडी हलतात, त्याचा फायदा घ्या: निघण्याआधी तासभर कोरा चहा किंवा गरम पाणी, म्हणजे पोट घरीच साफ होतं.

पाणी एकदम ढोसू नका, दर १५–२० मिनिटांनी काही घोट. तासापेक्षा जास्त पळणार असाल किंवा शौच पातळ असेल तर ओआरएस घ्या. इलेक्ट्रॉलचं मोठं पाकीट पूर्ण १ लीटर पाण्यात टाका. चव छान लागावी म्हणून अर्ध्या लिटरात टाकलं तर दाट द्रावण आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. फळांच्या डबाबंद रसाचंही तसंच. तुम्ही मेसालामीन हे आतड्याची सूज कमी करणारं औषधही घेत असाल तर पाण्याकडे दुप्पट लक्ष द्या. त्या औषधाने क्वचित मूत्रपिंडाला इजा होते आणि शरीर सुकलेलं असेल तर ती भीती वाढते.

पळण्यात बदल असा. कळ ३ किमीला येते ना, मग पुढचे दोन आठवडे अडीचवरच थांबा. ५ मिनिटं भरभर चाला, मग २ मिनिटं पळा आणि १ मिनिट चाला. वेग इतकाच की पूर्ण वाक्य बोलता यावं. कळ आली नाही तर आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढवा, पण त्याच आठवड्यात वेग किंवा चढ-उतार वाढवू नका, नाहीतर कशाने दुखलं ते कळणार नाही. उतारावर हादरे जास्त बसतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारखं ध्येय असेल तर यवतेश्वरचा चढ जमला म्हणजे झालं असं समजू नका, परतीच्या उताराची सवय वेगळी करावी लागते. सकाळी उठल्या उठल्या तीन-चारदा जावं लागत असेल तर सरळ संध्याकाळी पळा. कडक ऊन दोन्ही वेळी टाळा: अझाथायोप्रिनमुळे त्वचेला उन्हाचा धोका वाढतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि सनस्क्रीनही हवं. कमरेचा पट्टा किंवा बाटलीचा बेल्ट पोटावर घट्ट नको. सरावासाठी सार्वजनिक शौचालय असलेल्या मैदानाभोवती किंवा घराजवळ छोट्या फेऱ्या मारा. घाईची धास्तीसुद्धा मुरडा वाढवते.

शौचात रक्त दिसलं तर 'लांब पळाल्यावर होतं कधीकधी' असं म्हणून सोडू नका. निरोगी धावपटूंना ते होऊ शकतं, तुमच्या बाबतीत मात्र आधी आजार जागा झालाय का हे तपासायचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, न कळत घटणारं वजन, नेहमीच्या वेगाला लागणारी धाप, यांपैकी काहीही असेल तर पळणं थांबवून तपासणी.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: दुखणं कुठे, कितव्या किलोमीटरला, आधी किती तास काय खाल्लं, शौच कसं झालं, थांबल्यावर किती वेळात गेलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) तपासायला सांगा. कॅलप्रोटेक्टिन ५० च्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, तेव्हा वेग, खाणं आणि पाणी यांवर काम करा. २५० च्या वर असेल तर आधी औषधांचा विचार. मधल्या आकड्याला काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. नमुना देण्याआधी आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली असेल तर ते सांगा, त्याने आकडा वाढलेला येतो.