अर्धी वाटी म्हणजे नक्की किती?

प्रश्न : माझी भाची संख्याशास्त्रात बी.एस्सी. करतेय. पुढे एपिडेमिऑलॉजिस्ट होऊन मधुमेहाची कारणं शोधायची, असं तिनं डोक्यात घेतलंय. मराठीत याला साथरोगशास्त्र म्हणतात म्हणे. पण मधुमेह कुठे साथीचा आहे? आणि डॉक्टर नसताना ती रोगावर संशोधन करणार कसं?
– एक मामा, सांगली

उत्तर : मामा, मीही याच कामातली. माझ्या सासूबाईंनी हेच विचारलं होतं. ‘साथ नाही, ताप नाही, मग तू गावोगाव कशाला हिंडतेस?’ नाव कॉलरा-प्लेगच्या काळातलं आहे, ते चिकटलं. काम मात्र एकच : रोग कुणाला होतो, कुणाला होत नाही आणि दोघांत फरक काय, हे माणसं मोजून पाहायचं. यात डॉक्टर लागतात, तसेच हिशेबाचे पक्केही लागतात. तुमच्या भाचीचं निम्मं काम झालेलंच आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांतलं उदाहरण सांगते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं तिथं १९९३पासून बायकांची गरोदरपणाआधीच नोंद ठेवायला सुरुवात केली. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं दंडानं, पोटानं बारीक, पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरली, तर चरबी जवळपास त्यांच्याइतकीच! बारीक दिसणारी माणसं आतून चरबीदार आणि म्हणून मधुमेहाच्या वाटेवर कशी, याचा माग असा जन्माच्या दिवसापर्यंत गेला. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. माझ्या नवऱ्याला मी तो फोटो मुद्दाम दाखवला. सडपातळ असल्याची त्याला फार घमेंड होती.

मी त्या अभ्यासात नव्हते. माझी वीस वर्षं दुसऱ्या गावांत, बीपीचं मशीन आणि आहाराच्या फॉर्मसोबत गेली. ‘काल दुपारी काय जेवलात?’ हा प्रश्न सोपा वाटतो. एका घरात बाई म्हणाल्या, ‘अर्धी वाटी भात.’ मी लिहून घेतलं. निघताना मांडणीवरची वाटी दिसली. ती वाटी कसली, छोटं पातेलंच! त्या दिवसापासून मापाची वाटी पिशवीत असायची आणि पहिला प्रश्न, ‘तुमची वाटी दाखवता का?’

त्याहून मोठी फजिती बीपीची. पहिल्या महिन्यात आमच्या सरांनी माझी वही उघडली आणि नुसते शेवटचे आकडे मोजले. १२०, १३०, १४०... जवळजवळ सगळे शून्यावर संपत होते. पाऱ्याच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शून्य साधारण पाचात एकदाच यायला हवं. ‘माणसांचं रक्त दहाच्या पटीत वाहत नाही,’ एवढंच म्हणाले. १३८ला १४० लिहिलं की चांगला माणूस कागदावर रुग्ण होतो. ती दोनशे घरं मी पुन्हा केली, तीही मे महिन्यात.

अजून एक, भाचीला आत्ताच सांगा : एखादी गोष्ट रोगासोबत दिसते म्हणजे ती त्याचं कारण असतेच असं नाही. तपासायचं तर काहीतरी बदलून पाहावं लागतं. त्या सहा गावांतली मुलं वयात आल्यावर, २०१२पासून, त्यांतल्या काहींना बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि काहींना नुसत्या दिसायला तशाच. पाहायचं काय होतं, तर पुढे त्यांना होणारी बाळं! आजी, आई, बाळ अशा तीन पिढ्या. घाई असणाऱ्यांनी बँकेच्या परीक्षा द्याव्यात.

शिक्षणाचं थोडक्यात. चेन्नईला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे, तिथं सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी, म्हणजे एमपीएच, करता येते. कुठला अभ्यासक्रम बिगर-डॉक्टरांना घेतो, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. पगाराचं मात्र गोड बोलणार नाही. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात. निधी संपला की नोकरी संपते. मी दोनदा अशी घरी बसले आणि दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. दुसऱ्या खेपेला तर शिकवणीची कमाई आधीच्या पगारापेक्षा जास्त होती. तरी फोन आला तशी पिशवीत वाटी टाकून निघाले.