नावाजलेलं कॉलेज की लेकीला रुचलेलं कॉलेज?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघंही नोकरी करतो, मिळून उत्पन्न वर्षाला २,१०,००० डॉलर. लेकीला दोन लिबरल आर्ट्स कॉलेजांत (मुख्यतः पदवीचं शिक्षण देणारी छोटी कॉलेजं) प्रवेश मिळाला आहे. पहिलं क्रमवारीत पहिल्या दहांत. वर्षाचा एकूण खर्च ९२,०००, मदतीच्या पत्रात २२,००० दाखवले आहेत. दुसरं क्रमवारीत बरंच खाली. खर्च ८४,०००, पण ३८,००० ची मेरिट (गुणवत्तेवर मिळणारी) स्कॉलरशिप आहे. लेकीला न्यूरोसायन्स करायचं आहे आणि तिचं मन दुसऱ्यात रमलं आहे. यजमान म्हणतात, पहिल्याचं नाव जन्मभर साथ देईल. ५२९ खात्यात (मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं) ९२,००० आहेत आणि पगारातून महिना २,००० काढता येतील. धाकटा नववीत आहे. काय करावं?

उत्तर: माझं मत आधीच सांगते. दुसरं कॉलेज घ्या. मात्र दोन-तीन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. यजमानांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

सुरुवात त्या २२,००० पासून करू या. तुम्ही पाठवलेलं कॉलेजचं मदतीचं पत्र मी नीट वाचलं. त्यात ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, आहे फक्त १४,००० ची. उरलेल्यात ५,५०० लेकीच्या नावावरचं सरकारी कर्ज आणि २,५०० वर्क-स्टडी, म्हणजे तिने कॅम्पसवर काम करून मिळवायचे पैसे. तिन्ही आकडे एकाच रकान्यात लिहून खाली बेरीज मारली आहे. फेडावं लागणारं कर्ज मदतीत मोजायचं नसतं. तेव्हा पहिल्याचा खरा खर्च वर्षाला ७८,००० आणि दुसऱ्याचा ४६,०००.

आता चार वर्षांचा हिशेब. खर्च दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल आणि मदतीचा आकडा तेवढाच राहील असं मी धरलं आहे. मेरिटची रक्कम बहुतेक ठिकाणी गोठलेली असते, फी मात्र वाढत जाते. ग्रँट दरवर्षी नव्याने ठरते, पण ती वाढेल यावर विसंबून योजना आखू नये. या हिशेबाने पहिलं कॉलेज सुमारे ३,३५,००० ला पडतं आणि दुसरं सुमारे २,०५,००० ला. तुमच्याकडे ५२९ चे ९२,००० आणि चार वर्षांच्या पगारातले ९६,००० मिळून १,८८,००० आहेत.

दुसऱ्यात तूट राहते १७,००० ची. लेक स्वतःच्या नावावर चार वर्षांत २७,००० पर्यंत सरकारी कर्ज घेऊ शकते, त्यात ती सहज बसते. पहिल्यात तूट १,४७,००० ची. लेकीचे २७,००० वजा केले तरी १,२०,००० उरतात. इथे यंदाचा नवा नियम आडवा येतो. १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस कर्ज (पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज) घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० हीच मर्यादा आहे. म्हणजे आणखी ५५,००० खाजगी कर्जातून उभे करावे लागतील, आणि त्यावर सहीदार तुम्हीच असाल. पॅरेंट प्लसचा २०२५-२६ चा व्याजदर ८.९४ टक्के आहे आणि वर ४ टक्क्यांहून जास्त फी सुरुवातीलाच कापली जाते. याच दराने ६५,००० चा दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे ८२० डॉलर येतो. खाजगी कर्जाचा हप्ता त्याशिवाय. धाकटा नववीत म्हणजे लेकीच्या शेवटच्या वर्षी त्याचं पहिलं वर्ष असेल. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्साच्या (सरकारी मदतीच्या अर्जाच्या) सूत्रात सवलत मिळायची. ती २०२४-२५ पासून गेली. सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा अर्ज मागणारी काही कॉलेजं भावंडाचा विचार अजून करतात, पण धाकटा कुठे जाईल हे आज कुणाला माहीत आहे?

आता यजमानांचा मुद्दा. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्या कुवतीच्या आणि सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. जास्त निवडक कॉलेजात गेल्याने पुढच्या कमाईत सरसकट फरक पडला नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी बारा विद्यापीठं तपासली. तिथेही सरासरी कमाईत मोठा फरक नव्हता. पण कमाईच्या अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची आणि नामांकित कंपनीत किंवा ग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिरण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली. म्हणजे नावाला किंमत आहे, आणि वॉल स्ट्रीट किंवा मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांकडे डोळे लावलेल्या मुलासाठी मी ती मोजायला सांगितलीही असती. पण त्या बारांत एकही लिबरल आर्ट्स कॉलेज नाही, आणि तुमची लेक प्रयोगशाळेकडे निघाली आहे.

तिच्या वाटेवर क्रमवारी फार थोडं सांगते. रीड कॉलेजने १९९५ पासून क्रमवारी छापणाऱ्या यू. एस. न्यूजला माहिती देणंच बंद केलं. तरीही पदवीधरांपैकी किती जण पुढे पीएचडी करतात या हिशेबात रीड देशात वरच्या कॉलेजांत असतं. छोट्या कॉलेजात दोन वर्षं एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम केलं, त्यांनी मनापासून शिफारसपत्र लिहिलं, की ते निवड समितीपुढे वजनदार ठरतं. न्यूरोसायन्सच्या पीएचडीला सहसा फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. उद्या तिचा विचार बदलून ती मेडिकलकडे वळली, तर मात्र पैशाची खरी गरज तेव्हा लागेल. पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होत आहे आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० पर्यंतच मिळेल. आज न काढलेलं कर्ज त्या वेळी तुमच्या कामी येईल.

लेकीचं मन रमणं हीसुद्धा माझ्या दृष्टीने पैशाचीच बाब आहे. मूल न रुळल्याने कॉलेज बदललं की क्रेडिट वाया जातात, मेरिट जातं आणि पाचवं वर्ष मानगुटीवर बसतं. दुसऱ्या कॉलेजात मेरिटशिवायचं पाचवं वर्ष ९८,००० च्या घरात जाईल. म्हणून ती कुठे टिकेल हा प्रश्न व्याजदराइतकाच महत्त्वाचा आहे.

पण मन रमलं कशावर, हे तिला नीट विचारा. एप्रिलमध्ये नव्या मुलांसाठी सजवलेला कॅम्पस सगळ्यांनाच आवडतो. मला हवी आहेत ती उत्तरं अशी: न्यूरोसायन्स शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती? त्यांतले एक सबॅटिकलवर (दीर्घ अभ्यासरजेवर) गेले तर वरच्या वर्गाचा कोर्स त्या वर्षी बंद राहतो का? उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम केलं तर मानधन मिळतं का, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना ते मिळतं का? तिने विभागाच्या प्राध्यापकांना स्वतः ईमेल करावा. किती दिवसांत आणि कसं उत्तर येतं, तेही पाहा. चार वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पत्रकात, छापलेलं असतं.

मेरिटच्या अटी लेखी मागवा. किती जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) राखावा लागतो, एखाद्या सेमिस्टरला घसरला तर सावरायला मुदत मिळते का, परदेशात सेमिस्टर केलं तर पैसे लागू राहतात का. विज्ञानाच्या मुलांचं पहिलं वर्ष अवघड जातं. अट ३.५ ची असेल तर मी चिंतेत पडेन, ३.० असेल तर नाही. दुसऱ्या कॉलेजची आर्थिक तब्येतही तपासा: विद्यार्थिसंख्या गेली पाच वर्षं घटते आहे का, विभाग बंद होताहेत का. न्यूयॉर्कमधलं वेल्स कॉलेज २०२४ मध्ये बंद पडलं, तेव्हा ही भीती हवेतली नाही.

पहिल्या कॉलेजलाही एक संधी द्या. विल्यम्स किंवा ॲमहर्स्टसारखी वरची कॉलेजं मेरिट देतच नाहीत, फक्त गरज बघतात. त्यामुळे दुसऱ्याचं मेरिट दाखवून घासाघीस करण्यात अर्थ नाही. पण भारतात सासूबाईंच्या औषधपाण्याला तुम्ही दरमहा पैसे पाठवता असं तुमच्या पत्रात लिहिलं आहे. बँकेच्या पावत्या आणि डॉक्टरांची बिलं जोडून फेरविचाराचा अर्ज याच आठवड्यात करा. ऐकतीलच असं नाही. दोन्ही कॉलेजांतला फरक वर्षाला दहा-बारा हजारांवर आला, तर तिघं बसून पुन्हा बोला आणि शेवटचा शब्द लेकीचा ठेवा. तो तीस हजारांच्या आसपासच राहिला, तर १ मेच्या आत दुसऱ्या कॉलेजात डिपॉझिट भरा आणि पहिल्याला नकार कळवा, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी ती जागा मिळेल.