बापूंची पत्रं

चि. सोनू,

परवा बापूंचा, माझ्या वडिलांचा, विषय निघाला तेव्हा तू विचारलंस, "ते मुंबईत, तू गावाला. वर्षातून एक-दोनदा भेटायचात. मग ते कसे होते हे तुला कसं माहीत?" तुझ्या मनात काही नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी लागलं.

बापू गणपतीला यायचे, रजा मिळाली तर शिमग्याला. एरवी लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. तिथे माणसं पाळीप्रमाणे झोपत, एक उठला की त्याच्या जागी दुसरा. काम गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे विणकामाला. घरी यायचं ते निळं इनलँड पत्र, आणि मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरापुरती जागा असायची, तीसुद्धा ते सोडत नसत. 'छपराचे बघणे. पोरीची फी भरणे.'

तुझ्या आजीला वाचता येत नव्हतं. काकीकडून वाचून घ्यायला तिला अवघड वाटायचं, म्हणून मला अक्षरं लागायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं. सुरुवात ठरलेली, 'मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे.' पुढे नुसते प्रश्न. म्हैस व्याली का, काजूला मोहोर कसा आहे, वहाळावरचा साकव कोणी दुरुस्त केला का. त्या प्रश्नांवरून मला कळायचं, हा माणूस तिकडे बसून काय काय आठवत असतो. जागा संपली की ते कडेच्या पट्टीवर आडवं लिहीत, आणि मनातलं नेमकं तिथेच असायचं. एकदा होतं, 'हिने उन्हात लाकडे आणू नयेत.' मी ते मोठ्याने वाचलं आणि आजी काही न बोलता उठून चुलीकडे गेली. आपले आईवडील एकमेकांचे कोण आहेत, ते मला त्या दिवशी कळलं.

पण सगळंच कळत होतं असंही नाही. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मनीऑर्डर थांबली, पत्रं येत राहिली, आणि त्यांत खुशालीच. खानावळीचे पैसे थकले होते, ते एक वेळ जेवत होते, हे खूप नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मग पत्रातून माणूस ओळखता येतो असं मी तुला छातीठोकपणे कसं सांगू? त्यांनी दाखवलं तेवढंच मला दिसलं.

पुढे ते कायमचे गावी आले. ओटीवर बसून असायचे, बोलणं फार कमी. वाडीतले लोक घुमा म्हणायचे. मला ते कधीच तसे वाटले नाहीत. ते वहाळाच्या दिशेने बघत बसले की कशाचा विचार चाललाय, हे मला सांगावं लागत नसे. पत्रं नसती, तर माझ्याही लेखी ते एक गप्प बसणारे म्हातारे गृहस्थच राहिले असते.

तू मैत्रिणींशी चेहरा बघून तासन्‌तास बोलतेस. त्यातूनही माणसं कळत असतील, मी नाही म्हणत नाही. तू पत्रं लिहावीस असाही माझा आग्रह नाही. बापूंची इनलँडं आजीच्या ट्रंकेत आहेत. उन्हाळ्यात गेलो की काढू. रातपाळीनंतर लिहिलेलं अक्षर तुला लागणार नाही, मी वाचून दाखवीन. कंटाळा आला तर तसं सांग, राग येणार नाही मला.

तुझी,
आई