टॅनिस्ट्रोफियस लांब मानेच्या डायनासोरांचा पूर्वज होता का? आणि मान एवढी लांब कशासाठी?

नाही, पूर्वज नव्हता. टॅनिस्ट्रोफियस म्हणजे फार पूर्वीचा, अतिलांब मानेचा एक सरपटणारा प्राणी. हेच मी तीन वर्षांपूर्वी परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सांगितलं होतं, तेव्हा कोणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी टॅनिस्ट्रोफियस केला होता. धड लालबागच्या कारखान्यातून आणलेल्या शाडूचं. मान बॉलपेनच्या तेरा रिकाम्या नळ्यांची, कारण त्याच्या मानेत मणके तेराच होते, पण एकेक लांबलचक. पहिल्यांदा मान लुळी पडली. मग पोरीने खराट्याचे हीर नळ्यांखाली दोऱ्याने बांधले, प्रत्येक हीर मागचे दोन-तीन सांधे ओलांडून जाईल असा. खऱ्या प्राण्याच्या मानेतल्या बरगड्याही अशाच, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींना लागून. मान ताठ राहिली.

परीक्षक म्हणाले, "मान हंसासारखी वळायला हवी. आणि खाली 'डायनासोरचा पूर्वज' लिही." मी बोलायला लागले तर म्हणाले, "मॅडम, पालकांनी बाहेर थांबा." पोरीने पाटी बदलली नाही. बक्षीस गेलं.

अहो, तो सरड्यांपेक्षा मगरी, डायनासोर, पक्षी यांच्या जवळचा, एवढं खरं. पण या तिघांचा समान पूर्वज येण्याआधीच त्याची शाखा फुटली आणि ट्रायासिक काळातच (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी) संपली. सॉरोपॉडांनी, म्हणजे त्या लांब मानेच्या डायनासोरांनी, लांब मान स्वतंत्रपणे मिळवली, तीही मणक्यांची संख्या वाढवून. पूर्वी अशी लांब मान दिसली की 'प्रोटोरोसॉर' म्हणून एकाच गोणीत टाकायचे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला आपला पॅमेलारिया हा जुना सरपटणारा प्राणी २००३ मध्ये त्याच गोणीत गेला होता. आता तो ॲलोकोटोसॉरियात, म्हणजे दुसऱ्याच घराण्यात आहे. चीनचा डायनोसेफॅलोसॉरस मात्र टॅनिस्ट्रोफियसचा जवळचाच, तरी त्याच्या मानेत ३२ मणके! मानेच्या लांबीवरून नातं ठरवायचं नाही, ते असं.

मान कशासाठी? बहुधा पाण्यात दबा धरून मासे आणि माखुळासारखं भक्ष्य पकडायला. मोठ्यांच्या पोटात अशा माखुळासारख्या प्राण्यांच्या हातांवरचे हुकासारखे आकडे सापडलेत. पण अशा मानेचा धोकाही होता: २०२३ मध्ये दोन नमुन्यांच्या तुटक्या मानेवर चावल्याच्या खुणाही दाखवल्या गेल्या.

प्रदर्शनासाठी विचारत असाल तर 'पूर्वज' लिहू नका, समोर कोणीही असो. 'दूरचा नातेवाईक' लिहा. आणि हो, माप देताना जात नीट लिहा: लहान नमुने म्हणजे मोठ्यांची पिल्लं नव्हेत, ती वेगळी जात, हे २०२० मध्ये हाडांच्या वाढीच्या रेषांवरून कळलं. तीन मीटरची मान मोठ्या जातीची.