सॉफ्टवेअरला नेमकं काय शोधायला लावलंय?
वाचकांचे प्रश्न, ध्वनितंत्रज्ञ ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, राजारामपुरीत आमचं जुनं विटांचं घर आहे. हॉल १८ बाय १२ फूट, उंची १० फूट. बारा फुटी भिंतीला टीव्ही आणि दोन मुख्य स्पीकर. दोन सबवूफर (खर्ज वाजवणारे स्पीकर), १० इंची, पोर्टवाले (पेटीला हवेचं भोक असलेले), दोन्ही उजव्या भिंतीला : एक पुढच्या कोपऱ्यात, एक मागच्या. डावीकडे दार आणि देवघर आहे, मागच्या डाव्या कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन. सोफ्यावरच्या तीन जागांवर रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरनं मोजलं, मापं मल्टी-सब ऑप्टिमायझर या सबची जुळणी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, प्रत्येक सबला सहा फिल्टर (एखादा स्वरपट्टा चढवणारे किंवा उतरवणारे) दिले आणि रात्रभर चालत ठेवलं. दरवेळी फिल्टर वेगळेच येतात. शेवटच्या उत्तरात आलेख सरळ दिसतो, पण ४६ हर्ट्झला ११ डेसिबल बूस्ट (वाढ) आहे. आवाज वाढवला की अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागतो. आणि तबल्याचा बायाँ (डग्गा) मागं पडल्यासारखा वाटतो. अजून जास्त वेळ चालवू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : जास्त वेळ चालवू नका. सॉफ्टवेअरनं त्याचं काम केलंय. त्याला दिलेलं कामच बदलावं लागेल.

आधी वेगवेगळ्या उत्तरांबद्दल. सहा फिल्टर म्हणजे प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी, क्यू (फिल्टर किती अरुंद ते; क्यू जास्त तितका अरुंद) आणि गेन (किती चढवायचं-उतरवायचं ते), असे एका सबला अठरा आकडे. दोन सबचे छत्तीस, वर प्रत्येक सबचा गेन आणि डिले (आवाज किती उशिरा सोडायचा ते). चाळिसाच्या आसपास आकडे एकाच वेळी फिरवून सॉफ्टवेअर तुम्ही ठरवलेल्या आलेखापासूनचं अंतर कमी करत जातं. तबला लावताना एका गठ्ठ्यावर हातोडी मारली की समोरच्या घराचा (तबल्याच्या काठावरच्या भागाचा) स्वरही हलतो, तसंच इथं आहे. एका सबचा फिल्टर हलला की दुसऱ्याचं योग्य स्थान बदलतं. त्यामुळे जवळजवळ सारखीच चूक शिल्लक ठेवणारी अनेक उत्तरं असतात, आणि शोधाला सुरुवात कुठून झाली त्याप्रमाणे त्यातलं एखादं हाती लागतं. दोन उत्तरांतल्या उरलेल्या चुकीत डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याएवढाच फरक असेल तर मी आकडा बघतच नाही. ज्यात फिल्टर कमी, क्यू कमी आणि बूस्ट कमी ते उत्तर घेते. चुकीचा आकडा खाली येणं थांबलं की रन थांबवायचा. त्यापुढची रात्र संगणक फक्त गरम होतो.

आता मापं. माइक यूएसबी असेल तर प्रत्येक स्वीपची (खालून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या मोजणीच्या स्वराची) वेळ एकमेकांशी बांधलेली आहे ना, हे बघा. रूम ईक्यू विझार्डमध्ये अकूस्टिक टायमिंग रेफरन्सची सोय आहे. त्यात स्वीपच्या आधी एका ठरावीक स्पीकरमधून वरच्या पट्टीची छोटी चिवचिव वाजते आणि तिच्यावरून वेळ धरली जाते. तो स्पीकर सगळ्या मापांत एकच हवा. ही सोय बंद ठेवून मोजलं असेल तर दोन सब कुणाच्या मागं कोण आहेत हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही, आणि त्यानं काढलेला प्रत्येक डिले हवेतला आहे. तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही सब एकत्र वाजवून मधल्या जागेवर एक माप घ्या आणि सॉफ्टवेअरनं वर्तवलेल्या बेरजेवर ठेवून बघा. रेघा जुळल्या तरच पुढं जा. मापं निर्यात करताना स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) काढून टाका, आणि मोजणी चालू असताना आवाजाच्या बटणाला कुणी हात लावू नये.

आता ४६ हर्ट्झ, खरा विषय इथं आहे. कागद घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमची रुंदी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. ३४३ ला रुंदीच्या दुपटीनं भागा, ४७ हर्ट्झ येतात. लांबीचं उत्तर ३१, उंचीचं ५६. हे तुमच्या खोलीचे सगळ्यात खालचे अनुनाद. रुंदीच्या अनुनादात दोन्ही बाजूच्या भिंतींजवळ दाब सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मध्ये शून्य. सोफ्याची मधली जागा तिथंच आहे. तुमचे दोन्ही सब उजव्या भिंतीला असल्यामुळे ते या अनुनादाला एकाच दिशेनं ढकलतात. परिणाम : कडेच्या दोन जागांवर ४७ ला डोंगर, मधल्या जागेवर खड्डा.

तुम्ही मधल्या जागेला जास्त भार दिला असणार, म्हणून सॉफ्टवेअर खड्डा भरायला धावलं. ११ डेसिबल म्हणजे साडेबारा पट पॉवर. जिथं २० वॉट पुरत होते तिथं २५०. लाल दिवा त्याचाच आहे. एवढी ताकद खर्चूनही रुंदीच्या अनुनादाचा दाब मध्ये शून्यच राहतो. तिथं जे ऐकू येतं ते उरलेल्या अनुनादांच्या शेपटांचं. कडेला बसलेल्या माणसाला मात्र ते ११ डेसिबल डोंगरावर डोंगर म्हणून मिळतात. परदेशी सल्ले वाचताना हेही लक्षात ठेवा की तिकडची बरीच घरं लाकडी चौकटीची, आत पोकळ भिंतींची. त्या भिंतींतून खर्ज थोडा बाहेर जातो, थोडा भिंतच पिते. आपली नऊ इंची वीट आणि वरचा स्लॅब तो आत कोंडून ठेवतात, त्यामुळे आपल्याकडचे डोंगर-खड्डे जास्त तीव्र.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आईंना विचारून शिलाई मशीन तीन फूट सरकवा आणि मागचा सब डाव्या कोपऱ्यात न्या. मग दोन सब समोरासमोरच्या भिंतींवर येतात, रुंदीच्या अनुनादाला उलट बाजूंनी ढकलतात आणि तो बराचसा विझतो. पुढं-मागं असल्यामुळे लांबीच्या ३१ चंही तसंच होतं. तीन जागांचे आलेख एकमेकांजवळ येतील. एकदा ते जवळ आले की उरलेला चढउतार ईक्यूनं (म्हणजे फिल्टरांनी) सपाट करणं सोपं, कारण एका जागेला दिलेलं औषध दुसरीला बाधत नाही. कुठलाही फिल्टर हे काम करू शकत नाही, ते जागाच करते.

त्यानंतर नव्यानं मोजा आणि दोन टप्प्यांत चालवा. पहिल्या टप्प्यात फक्त डिले, गेन आणि पोलॅरिटी (आवाजाची लाट सुलटी की उलटी) मोकळी ठेवा, आणि जागा-जागांतला फरक कमी करायला सांगा. आलेख वाकडा राहिला तर राहू दे, सगळीकडे सारखा वाकडा हवा. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही सबना सामाईक असे तीन-चार फिल्टर द्या आणि लक्ष्यरेषेकडे आणा. बूस्टची कमाल ३ डेसिबलवर बांधा, कट १२ पर्यंत मोकळा. क्यू ५-६ च्या वर जाऊ देऊ नका. अनुनादाच्या डोंगरावर नेमका बसलेला कट त्याचं घुमणंही आखूड करतो. उंच क्यूचा बूस्ट स्वतःच घुमायला लागतो. आणि पट्टा २५ ते १२० हर्ट्झ ठेवा. पोर्टवाल्या सबमध्ये पोर्टच्या ट्यूनिंगखाली (पोर्ट ज्या स्वराला घुमतो त्याच्या खाली) कोनला (सबच्या हलणाऱ्या पडद्याला) धरून ठेवणारं काही उरत नाही. तिथं बूस्ट मागितला तर आवाज मिळत नाही, कोन मात्र फाटायला येतो. पोर्टचं ट्यूनिंग २५ च्या वर असेल तर खालची हद्द त्या आकड्यावर आणा आणि तिथं हायपास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा.

बायाँबद्दल तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला, कारण हे आलेखात दिसत नाही. बायाँचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या खालीवर असतो, थापेचा कडा मात्र मुख्य स्पीकरमधून येतो. तुम्ही मॉडेलमध्ये फक्त सब घातले असतील, तर सॉफ्टवेअरनं त्या दोघांचं आपसांत जुळवलं, डिले देऊन दोघांनाही मागं ढकललं, आणि मुख्य स्पीकरशी त्यांचं नातं कुणीच बघितलं नाही. मुख्य स्पीकरचं मापही त्याच टायमिंग रेफरन्सनं घ्या, मॉडेलमध्ये घाला, आणि क्रॉसओव्हरच्या (जिथं सब संपतो आणि मुख्य स्पीकर सुरू होतो त्या स्वराच्या) दोन्ही बाजूंना बेरीज भरून येते का ते बघा. मग तीनही जागांवर बसून विलंबित एकतालातला ठेका ऐका. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्या कोल्हापुरात आपण राहतो. इथल्या घरात तानपुऱ्याचा खर्ज आणि बायाँची मींड नीट ऐकू यावी एवढा आग्रह धरायलाच हवा.

प्रश्न : सॉफ्टवेअरनं दिलेले आकडे प्रोसेसरमध्ये (फिल्टर लावणाऱ्या उपकरणात) हातानं भरले. पुन्हा मोजलं तर आलेख अंदाजापेक्षा वेगळा. आकडे तर तेच आहेत.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आकडे तेच, पण क्यूची व्याख्या तीच असेल असं नाही. वेगवेगळ्या कंपन्या एकाच क्यूला वेगळी रुंदी देतात, आणि बूस्ट-कट मोठा असेल तिथं फरक जास्त उठून दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या उपकरणाचं नाव निवडायची सोय असेल तर तेच निवडून पुन्हा चालवा. मिनीडीएसपीसारखं उपकरण असेल तर हातानं भरूच नका, बायक्वाडचे गुणांक (फिल्टरचं गणित मांडणारे आकडे) थेट घाला. तिथं दोन गोष्टी तपासा. एक, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) : मिनीडीएसपीचं टू बाय फोर एचडी ९६ किलोहर्ट्झवर चालतं, जुनं टू बाय फोर ४८ वर. चुकीच्या रेटचे गुणांक घातले तर सगळे फिल्टर पट्टीवर भलतीकडे सरकतात. दोन, मिनीडीएसपी फीडबॅकच्या गुणांकांची चिन्हं पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा उलटी धरतं. शंका असेल तेव्हा खोलीला मध्ये आणूच नये. साउंडकार्डचं आउटपुट प्रोसेसरमध्ये, प्रोसेसरचं परत साउंडकार्डच्या इनपुटला, आणि तारेतूनच स्वीप मारायचा. फिल्टरचा खरा आकार लगेच समोर येतो.

प्रश्न : मोबाईलच्या माइकनं चालेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : या कामाला नाही. अनेक फोन खालचा पट्टा मुद्दाम कापतात आणि आवाज मोठा झाला की स्वतःच दाबतात. कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) असलेला मोजणीचा माइक घ्या, त्या नगाच्या नंबराची फाइल उतरवून घ्या आणि ती सॉफ्टवेअरमध्ये खरोखर लोड झाली आहे ना हे बघा.

प्रश्न : ताई, आमचा साउंडचा व्यवसाय आहे. मंडळांची कामं घेतो. टॉप (वरचे स्वर वाजवणाऱ्या पेट्या) आणि बेस (खर्जाच्या पेट्या) एकमेकांना मारतात, मधेच पोकळ वाटतं. हे ऑप्टिमायझर मिरवणुकीला लावता येईल का ओ?
– एक व्यावसायिक, मंगळवार पेठ

उत्तर : चालत्या गाडीवर खोलीसारखं ट्यूनिंग नको. मिरजकर तिकटीला एक आलेख, महाद्वार रोडच्या अरुंद भागात दुसरा, आणि दहा पावलांवर तिसरा. आज जुळवलेला ईक्यू उद्याच्या चौकात खोटा ठरतो. पण गाडीवर एक नातं बदलत नाही, ते म्हणजे टॉप आणि बेस यांच्यातलं. तुमचा पोकळपणा तिथूनच येतो.

क्रॉसओव्हर १०० हर्ट्झला धरा. त्या स्वराची लांबी सुमारे ३.४ मीटर. बेसच्या पेट्या टॉपपेक्षा १.७ मीटर मागं असल्या तर ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो, दोघे बरोबर उलटे होतात आणि नेमका १०० हर्ट्झ खाऊन टाकतात. तुम्ही तो पोकळपणा भरायला बेस वाढवता, मग टॉप वाढवता, आणि गाडी नुसती ओरडत राहते.

गाडी मोकळ्या मैदानावर लावा, मिरवणुकीच्या आधीच्या दिवशी, उजेडात. माइक जमिनीवर ठेवा म्हणजे जमिनीवरून परतणारा दुसरा आवाज मध्ये येत नाही. टॉपचं माप, बेसचं माप, दोन्ही एकाच टायमिंग रेफरन्सनं. क्रॉसओव्हरभोवतीच्या साधारण ६० ते १६० हर्ट्झच्या पट्ट्यातच शोध लावा, आणि फक्त तीन गोष्टी मोकळ्या सोडा : पुढं असलेल्या संचाला डिले, बेसची पोलॅरिटी, आणि दोघांतला गेन. एक मीटर म्हणजे २.९ मिलिसेकंद, एवढं लक्षात ठेवलं की आलेलं उत्तर शहाणं आहे की नाही हे टेपनं मोजून कळतं. गाडी दोन मीटर लांब आणि सॉफ्टवेअर १५ मिलिसेकंद सांगत असेल तर ते एक अख्खी लाट सोडून पुढच्या लाटेवर जुळलंय. डिलेची कमाल मर्यादा ८ मिलिसेकंदांवर बांधून पुन्हा चालवा.

जुळल्यावर तोच ठोका कमी पॉवरमध्ये भरीव ऐकू येईल. तो वाचलेला हेडरूम (शिल्लक ताकद) आवाज वाढवायला वापरू नका, ही माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. पेठेतल्या घरांच्या भिंती रस्त्याला लागून आहेत, आत तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं असतात. गाडीजवळ चालणाऱ्या तुमच्या पोरांचे कानही त्यात आलेच. त्यांना कानात घालायचे बोळे द्या. लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारं साधन) बसवा, त्याचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, आणि मंडळाशी बोलणी करतानाच त्यांना सांगा की तो रस्त्यात उघडला जाणार नाही.